सगळ्याला एकच शब्द?

वह्या तपासून झाल्या आहेत, पण आत्ता वाटणार नाही. आधी ऐका. मागच्या बाकांवरच्यांनी पेनं खाली ठेवा. खिडकीकडच्या पोरांनो, इकडे बघा.

विषय साधा दिला होता, ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी’. दहावीला असला विषय का, ही तुमची कुजबुज मला ऐकू आली होती. मुद्दाम दिला होता. या विषयात गाईड कामाला येत नाही. जे पाहिलं, जे भोगलं तेच लिहावं लागतं. आणि तुम्ही काय लिहून आणलंत? मामाच्या गावी बोअर झालं. चुलतभावाच्या हळदीत बोअर झालं. सप्त्यातलं कीर्तन बोअर होतं. भुसावळहून येताना गाडी लेट झाली, बोअर झालं. दुपार बोअर, टीव्ही बोअर, गाव बोअर. वह्यांवरची नावं झाकली तर कुठली वही कुणाची ते ओळखता येणार नाही. वेगवेगळ्या घरांतली मुलं तुम्ही. कुणाच्या घरी केळी, कुणाच्या घरी किराणा दुकान, कुणाचे वडील कंपनीत पाळीवर. मग सुट्टी सगळ्यांची एकच कशी?

तासालाही तेच. धडा सुरू होऊन पान उलटत नाही तोच मागून आवाज येतो, ‘काय भो, बोअर होऊन ऱ्हायलं.’ हळू बोललं की ऐकू येत नाही, असं समजू नका.

आणि बाई इंग्रजी शब्दावर रागावल्या, असंही घरी जाऊन सांगू नका. टेबल, बस, पेन, तिकीट हे शब्द कुठून आले हे मी विचारत बसत नाही. मराठीने फारसीतून घेतले, पोर्तुगीजांकडून घेतले, इंग्रजीतूनही घेतले. घेणारी भाषा जिवंत असते. ‘बोअर’सुद्धा आता घराघरात रुळला आहे. माझा राग आहे तो तुम्ही त्या शब्दाआड दडून बसता यावर. काय आवडलं नाही, का आवडलं नाही, त्यात कशाची उणीव होती, हे बघण्याचे कष्ट नकोत, म्हणून एक शब्द फेकायचा आणि मोकळं व्हायचं. हा आळस आहे. डोक्याचा आळस. तो मी खपवून घेणार नाही.

आता गंमत बघा म्हणणार नाही, कारण मला ही लाजिरवाणी गोष्ट वाटते. तुमच्यापैकी काही जण इंग्रजीचे शब्द पाठ करतात, पुढच्या स्पर्धापरीक्षांसाठी. चांगली गोष्ट आहे. एकाने निबंधाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर ती यादी उतरवलेली आहे. डल, टीडियस, मोनोटोनस, इन्सिपिड. अक्षर सुरेख, स्पेलिंग बिनचूक. आणि चारही शब्दांपुढे मराठी अर्थ काय लिहिला आहे? कंटाळवाणा, कंटाळवाणा, कंटाळवाणा, कंटाळवाणा. परक्या भाषेत चार छटा आहेत हे तू घोकून ठेवलंस, आणि तुझ्या आईच्या भाषेत त्याला एकच रंग आहे असं ठरवूनही टाकलंस! टीडियस म्हणजे रटाळ, लांबलचक, जीव मेटाकुटीला आणणारं. मोनोटोनस म्हणजे एकसुरी. इन्सिपिड म्हणजे बेचव, नीरस. डल म्हणजे ज्यात तेज नाही, चमक नाही. यातला एक तरी शब्द तू घरी ऐकला नाहीस? रोज ऐकतोस. कानावरून जाऊ देतोस.

ऐकत नसाल तर स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. थंडीत शेतात भरीत होतं, सगळ्यांनी खाल्लेलं आहे. हिरवी वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, साल काढायची, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी बडगीत ठेचायची, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी, आणि सोबत कळण्याची भाकरी. पहिला घास घेऊन आजोबा काय म्हणतात? ‘भरीत बोअर आहे’ म्हणतात? ते म्हणतात, अळणी आहे. म्हणजे मीठ राहिलं. लगेच कुणीतरी मीठ आणतं, काम झालं. ते म्हणतात, सपक आहे. म्हणजे मीठ आहे पण मिरची कमी पडली, झणका नाही. आमटीला फुळकवणी म्हणतात, म्हणजे पाणी जास्त आणि डाळ कमी. ताकाला पांचट म्हणतात, तेही पाण्यामुळेच, पण ती पांचट चव तोंडात वेगळी लागते. पदार्थात सगळं असूनही कशालाच जोर नसेल तर तो मिळमिळीत. आणि काहीच लागत नसेल तर बेचव. बघा, प्रत्येक शब्दात तक्रार आहे आणि प्रत्येक तक्रारीत उपायही आहे. अळणीला मीठ, सपकाला मिरची, फुळकवणीला डाळ. आजोबांनी ‘बोअर’ म्हटलं असतं तर स्वयंपाक करणाऱ्या बाईने काय करायचं होतं?

शाळेत न गेलेल्या माणसाच्या जिभेवर एवढा हिशेब आहे. आणि तुम्ही दहावीला बसणार.

हेच शब्द ताटातून उठून बोलण्यात आले आहेत, हेही लक्षात घ्या. विनोद पांचट असतो. भाषण मिळमिळीत असतं, म्हणजे बोलणारा कुठल्याच बाजूने ठाम उभा राहत नाही, कुणीच दुखावू नये म्हणून सगळ्यांना थोडं थोडं बरं वाटेल असं बोलतो. लेख नीरस असतो. रस हा शब्द तर आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रापासून आहे. नाटकाने, काव्याने प्रेक्षकाला काय द्यावं याचा विचार त्यांनी रसांच्या नावांनी केला. शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स, अद्भुत. ही आठ नावं परीक्षेत विचारतील तेव्हा घोकाल, पण नीरस म्हणताना यातला एकही रस मिळाला नाही असं आपण म्हणतो आहोत, एवढं आज समजून घ्या.

आता कीर्तनाकडे येते, कारण सप्त्यातल्या त्या कीर्तनाला बऱ्याच जणांनी नावं ठेवली आहेत. मी तिथे होते. तुमची तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तक्रार नीट करा ना! बुवांनी एका दृष्टांताला अर्धा तास लावला, तर ते पाल्हाळ. मूळ अभंग बाजूला राहिला आणि एका गोष्टीतून दुसरी, दुसरीतून तिसरी निघत गेली, तर ते चऱ्हाट. आवाजाची पट्टी बदलली नाही, तर ते एकसुरी. तोच विनोद तुम्ही मागच्या सप्त्यातही ऐकला होता, तर तो शिळा. सगळ्यांनी आधीच इतकं बोलून ठेवलेला विषय, तर तो चावून चोथा झालेला. ग्रामसभेत त्याच मुद्द्यावर तेच ते बोलणं चालतं आणि निर्णय होत नाही, त्याला चर्चेचं गुऱ्हाळ म्हणतात. सरकारी पत्र रुक्ष असतं, पण म्हणून ते रटाळ असतंच असं नाही. चार ओळींत काम सांगून ते संपतं. गाईडमधला निबंध साचेबंद असतो. यातलं नेमकं काय झालं त्या कीर्तनात? ज्याने ‘बोअर’ लिहिलं त्याने कीर्तन ऐकलं की नाही, हेच मला कळत नाही. पाल्हाळ होतं असं लिहायला मूळ मुद्दा कोणता होता हे कळावं लागतं. एकसुरी होतं असं लिहायला सूर ऐकावा लागतो. नेमकी तक्रार करणाऱ्या मुलाने लक्ष दिलेलं असतं, आणि अशा मुलाला मी कीर्तनाची निंदा केली म्हणून एकही गुण कमी देणार नाही.

एक फरक मात्र सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता शिकायचा आहे. रटाळ, एकसुरी, सपक, रुक्ष हे शब्द समोरच्या गोष्टीचा दोष सांगतात. कंटाळा, शीण, वीट, उबग हे शब्द माझी अवस्था सांगतात. दिवसभर निंदणी करून आई संध्याकाळी बसते तो शीण. रोज श्रीखंड वाढलं तर येतो तो वीट. श्रीखंडाचा त्यात काही दोष नाही. रोजची भांडणं ऐकून येतो तो उबग. आणि काम समोर आहे, हातपाय धड आहेत, तरी उठवत नाही, तो आळस. त्याला कंटाळा म्हणून त्याचा मान वाढवू नका. ‘बोअर’ या एका शब्दात तुम्ही हे सगळं एका पोत्यात कोंबता आणि पोत्याचं तोंड नेहमी समोरच्याकडे करता. धडा बोअर, बाई बोअर, गाव बोअर. दोष कुणाचा, हा प्रश्न तुम्हाला पडतच नाही. रात्री दोनपर्यंत मोबाईलवर रील्स बघणाऱ्या मुलाला सकाळी पहिल्या तासाला व्याकरण रटाळ वाटतं, तेव्हा रटाळ काय आहे हे त्याने प्रामाणिकपणे तपासावं.

आता एका वहीबद्दल बोलणार आहे. नाव घेणार नाही, आणि कुणी मान वळवून बघायचंही नाही. त्या वहीत एक वाक्य आहे. या उन्हाळ्यात आजी वारली, त्यामुळे घरात सुट्टीभर खूप बोअर झालं.

हे वाक्य वाचून मी लाल पेन खाली ठेवलं. बाळा, आजी गेल्यावर घरात बोअर होत नाही. घर सुनं होतं. अंगण ओकंबोकं दिसतं. दुपारी खाटेवर कुणी नसतं, आणि पाणी आणून दे म्हणून कुणी हाक मारत नाही. जीव रमत नाही. करमत नाही. करमत नाही हे दोन शब्द तू किती वेळा ऐकले असशील! माहेराहून परतलेली काकू म्हणते, मुंबईला शिकायला गेलेला भाऊ फोनवर म्हणतो. कुणीतरी जवळ नाही आणि त्याची आठवण सारखी येते आहे, एवढं सगळं त्यात येतं. तुला दुःख झालं होतं आणि तू त्याला कंटाळ्याचं नाव दिलंस. तुझी आजी तुझ्यासाठी एवढीच होती का? नव्हती, हे मला माहीत आहे. शब्द हाताशी नव्हता म्हणून तिच्यावर तू अन्याय केलास, आणि स्वतःवरही. हे मी कडक बोलते आहे, कारण ही चूक गुणांची नाही.

दुसऱ्या एका वहीत लिहिलं आहे, ‘आमच्या नशिराबादला बघण्यासारखं काहीच नाही, गाव बोअर आहे.’ काहीच नाही? तू शोधलंस कधी? ब्रिटिशांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये या गावाची नोंद आहे, काचेच्या बांगड्या करणारं गाव म्हणून. १८०३ च्या मोठ्या दुष्काळाच्या आधी हे गाव लुटलं गेलं, तीही नोंद आहे. तुझ्या घराशेजारच्या म्हाताऱ्या माणसांना बांगड्यांबद्दल एकदा तरी विचारलंस का? वैशाखातल्या दुपारी गाव भकास वाटतं, हे मला मान्य आहे. रस्त्यावर चिटपाखरू नाही, उन्हाची झळ, दुकानांची अर्धी शटरं खाली. तसं लिही. भकास लिही, उजाड लिही, निवांत वाटलं तर निवांत लिही. या तीन शब्दांनी तीन वेगळी गावं उभी राहतात.

आणि भादली स्टेशन. तिथे पॅसेंजरची वाट बघत बसणं ज्यांना बोअर वाटलं, त्यांनी आता नीट ऐका. ५ मे १९१८ रोजी याच भादलीला रेल्वेखाली त्र्यंबक बापूजी ठोमरे गेले. वय अवघं सत्तावीस. धरणगावात जन्मलेले, आपल्याच खान्देशचे. तुमच्या पुस्तकांत ते बालकवी या नावाने भेटतात, आणि ते नाव त्यांना १९०७ साली जळगावात भरलेल्या कविसंमेलनात मिळालं, विशीही गाठलेली नसताना. त्यांनी लिहिलं कशावर? ओढा, झाड, पारवा, खेड्यातली रात्र. तुम्ही ज्याकडे ढुंकून बघत नाही तेच. ‘औदुंबर’ ही कविता आठ ओळींची आहे आणि तिचा अर्थ लावणं अभ्यासकांनी अजून थांबवलेलं नाही. कारण नसताना मनावर येणाऱ्या उदासीनतेवरही त्यांनी कविता लिहिली. तुमच्यापैकी कितीतरी जणांना संध्याकाळी तसं वाटत असेल, आणि तुम्ही त्यालाही ‘बोअर’ म्हणून मोकळे होत असाल. त्या माणसाने त्या भावनेचं नाव शोधलं, तिच्याकडे टक लावून बघितलं. पुन्हा भादलीच्या फलाटावर उभे राहाल तेव्हा मोबाईल खिशात ठेवा.

अजून एक नाव घेते. आसोदे. आपल्याच तालुक्यातलं गाव, तुमच्यातल्या काहींची आजोळं तिथे आहेत. १८८० साली तिथे बहिणाबाई जन्मल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला चौधरींच्या घरी आल्या, तिशीत विधवा झाल्या. अक्षरओळख नाही. आयुष्यभर काम काय केलं? दळण, कांडण, निंदणी, वेचणी. तेच काम आज, तेच उद्या, तेच वर्षानुवर्षं. एकसुरी काम कशाला म्हणतात ते त्यांना विचारायला हवं होतं. त्या जात्यावर बसून, त्या शेतात राबून त्यांनी गाणी रचली. मुलाने, सोपानदेवांनी आणि नातेवाइकांनी ती उतरवून घेतली म्हणून राहिली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आलं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तुमच्यातले बरेच जण त्याच नावाची पदवी घेणार आहेत. त्या बाईने शब्द कुठून आणले? पुस्तकांतून नाही आणले. घरात, शेतात, बाजारात जे बोललं जात होतं ते कान देऊन ऐकलं. तीच लेवा बोली तुमच्या घरी अजून बोलली जाते, आणि शाळेत आल्यावर तुम्हाला तिची लाज वाटते. आजीचा शब्द गावंढळ वाटतो आणि ‘बोअर’ सुधारलेला वाटतो. हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी तरी नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. स्टेटस ठेवणाऱ्यांची, घोषणा देणाऱ्यांची कमी नव्हती, तुमच्यातही नव्हती. अभिमान जरूर बाळगा, पण ज्या भाषेचा अभिमान सांगता तिचे शब्द वापरा. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात जाडजूड विभागांत निघाला. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८३१ साली, मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शास्त्री-पंडितांना सोबत घेऊन मराठी-इंग्रजी कोश केला आणि १८५७ ला तो वाढवून पुन्हा छापला. परका माणूस तुमच्या आजी-आजोबांच्या बोलण्यातला एकेक शब्द वेचून लिहून ठेवतो, आणि तुम्हाला घरबसल्या मिळालेला शब्द उचलायला जड जातो?

पालकही यात सुटत नाहीत, आणि येत्या सभेत मी त्यांनाही हे सांगणार आहे. पोर ‘बोअर होतंय’ म्हणालं की हातात मोबाईल द्यायचा, ही सवय त्यांनी लावली. त्यांनी एकदा विचारावं, म्हणजे नक्की काय होतंय? भूक लागली आहे, झोप आली आहे, एकटं वाटतं आहे, की अभ्यास जमत नाही म्हणून तो नकोसा झाला आहे? गणित बोअर आहे म्हणणाऱ्या दहा मुलांपैकी बहुतेकांना गणित अवघड जातंय, हे मला शिक्षक म्हणून माहीत आहे. अवघड आहे म्हटलं असतं तर सरांनी पुन्हा शिकवलं असतं. बोअर म्हटल्यावर कोण काय शिकवणार?

आता वह्या घ्या. जिथे जिथे ‘बोअर’ आहे तिथे मी लाल रेघ मारली आहे, पण शेजारी योग्य शब्द लिहून दिलेला नाही. तो तुम्ही शोधायचा. वाक्य जसंच्या तसं ठेवून नुसता शब्द बदलून आणलेला निबंध मी परत करीन. शब्द बदलला की बहुधा सगळं वाक्यच नव्याने लिहावं लागतं, कारण तेव्हाच कळतं की नेमकं काय झालं होतं. ज्याच्या घरी आजी-आजोबा आहेत त्याने त्यांच्यापाशी बसून विचारावं, आणि त्यांनी सांगितलेला शब्द बोलीतला असला तरी बिनधास्त लिहावा. तो मी चूक धरणार नाही. ज्याच्या वहीत आजीचं वाक्य आहे, त्याने घाई करू नये. त्याला जास्त वेळ दिला आहे, आणि हवं तर तो माझ्याशी एकट्याने येऊन बोलू शकतो.

सोमवारी पहिल्या तासाला सगळे निबंध माझ्या टेबलावर हवेत. शब्द अडला तर मधल्या सुट्टीत या, मी वर्गातच असेन, आणि कोश उघडा असेल.